सावलीचा आठवडा

‘हौशी’ हा शब्द आपण जरा कमीपणानेच वापरतो. हौशी गायक, हौशी नट, हौशी छायाचित्रकार, म्हणजे ज्याचे त्या कलेवर पोट नाही आणि म्हणून ज्याचे फारसे मनावर घेण्याचे कारण नाही, असा माणूस. जत्रेला येणाऱ्यांचे हौशे, नवशे आणि गवशे असे तीन वर्ग आपल्या भाषेने कधीच करून ठेवले आहेत, आणि त्यांतही हौशांकडे पाहून ती थोडी हसतेच. शब्दाचे मूळ पाहिले तर ‘हौस’ अरबीतील ‘हवस’पासून फारसीमार्गे आपल्याकडे आली. हिंदीत त्या शब्दाला वासनेचा वास अजून आहे. मराठीने मात्र तो धुऊन, घडी घालून सणासुदीच्या कपड्यांत ठेवला. इंग्रजीतला ‘अ‍ॅमॅच्युअर’ लॅटिनमधील प्रेम करणाऱ्यापासून निघाला आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी बरेच जण दिवसभराची नोकरी, शेती किंवा घरकाम आटोपून रात्री ही पुस्तिका उघडत असाल. पोटाचा व्यवसाय एक आणि जिवाचा ओढा दुसरा, ही स्थिती तुम्हाला समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून माझ्या एका हौशी उद्योगाची हकीकत तुमच्यापुढे ठेवते.

मी भाषाविज्ञान शिकवते. पन्नाशी ओलांडल्यावर, एका वर्षाच्या चैत्रात, मी आणि ओळखीतल्या पाच जणांनी बावन्न आठवड्यांचा एक वसा घेतला. त्यांत एक बँकेतले अधिकारी होते, एक परिचारिका, दोन माझे जुने विद्यार्थी आणि एक निवृत्त टपाल कर्मचारी. प्रत्येकाने काही शब्द चिठ्ठ्यांवर लिहून एका जुन्या चिवड्याच्या डब्यात टाकले. दर सोमवारी एक चिठ्ठी काढायची आणि तो शब्द विषय मानून रविवारपर्यंत प्रत्येकाने एकच छायाचित्र काढून इतरांना दाखवायचे. छायाचित्र त्याच आठवड्यातले हवे. त्याखाली लिहायचे तर फक्त एक वाक्य. बक्षीस काही नाही. असे विषयवार आव्हान जगभरचे हौशी छायाचित्रकार घेत असतात, कोणी बावन्न आठवड्यांचे, कोणी चक्क तीनशे पासष्ट दिवसांचे. आम्ही त्यात नवे काही केले नाही. फक्त आमच्या डब्यातले शब्द मराठी होते, आणि माझ्या दृष्टीने सगळी गंमत तेथेच सुरू झाली.

पहिला शब्द निघाला ‘दार’. सोपा वाटला. पण ‘दार’ या शब्दाचा अर्थ कोणतेही एक दार नव्हे. शब्द ज्याकडे निर्देश करतो ती वस्तू नसून संकल्पना असते, हे सोस्यूरचे म्हणणे तुम्ही भाषाविज्ञानाच्या घटकात वाचलेच असेल. कॅमेऱ्याला संकल्पना दिसत नाही. त्याला हे दार दिसते, या घराचे, डावी फळी वाळवीने खाल्लेले, कडीला पिवळा दोरा बांधलेले. सहा जणांची सहा दारे आली आणि त्यांतले एकही ‘दार’ नव्हते. मग हळूहळू आमच्या लक्षात येऊ लागले की भाषेला जे अगदी सहज जमते ते चित्राला जमत नाही. ‘नाही’ याचे छायाचित्र काढता येत नाही. रिकामी खुर्ची काढता येते. पण तीवर कोण बसलेले नाही हे खुर्ची सांगत नाही, सांगायला वाक्य लागते. ‘जर’ आणि ‘तर’ यांचे छायाचित्र नाही. भूतकाळ आणि भविष्यकाळ यांचेही नाही. क्रियापदाचे सगळे काळ आणि अर्थ आपण व्याकरणात घोकतो. कॅमेऱ्याकडे त्यातला एकच आहे, आणि तोही आपण पाहू लागेपर्यंत शिळा झालेला असतो.

एका आठवड्याची चिठ्ठी होती ‘वाट पाहणे’. बँकेतल्या गृहस्थांनी कुडाळच्या एस. टी. स्थानकावरच्या बाकावर पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या तीन बायका टिपल्या. चांगले चित्र होते. माझ्या विद्यार्थ्याने मात्र माणूसच घेतला नाही. त्याने घराच्या खळ्यातून दिसणारी, जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून वळत जाणारी लाल पायवाट दाखवली, आणि त्याखाली एक अक्षरही लिहिले नाही. कितीतरी वर्षे हा वाक्प्रचार मी वापरते, वर्गात शिकवते. तरी त्यात खरोखरची एक वाट आहे आणि ती कोणीतरी पाहत आहे, हे इतके स्पष्ट समोर कधी आले नव्हते. वाक्प्रचार झिजून गुळगुळीत होतात, त्यांतले चित्र पुसले जाते, असे आपण म्हणतो. ते पुन्हा उजळण्याचा हा एक मार्ग आहे, आणि त्याला महागडा कॅमेरा लागत नाही. त्या मुलाचे चित्र साध्या मोबाइलवरचे होते.

‘ओल’ हा शब्द आषाढात निघाला, हा निव्वळ योगायोग. कोकणात त्या दिवसांत ओलीचे चित्र काढायला घराबाहेर पडावे लागत नाही. चपलांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आणि कपाटातल्या रेशमी साडीवर ती आपणहून येते. कॅमेऱ्याच्या भिंगातही येते. भिंगाच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली की चित्रावर एक धुरकट पडदा चढतो. म्हणून आमच्याकडचे छायाचित्रकार कॅमेरा हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतात, आणि त्या नसतील तर तांदळाच्या डब्यात. हे विषयांतर झाले, पण तुमच्यापैकी कोणी सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीत राहत असेल तर उपयोगी पडेल.

विषय आधी ठरवून त्याबरहुकूम छायाचित्रे जमवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद आणि उत्तम छायाचित्रकार. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 1856 पासून हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक मासिक अल्बम काढला, त्याच्या नावातच ‘अ‍ॅमॅच्युअर’ हा शब्द होता. प्रत्येक अंकात खऱ्या छायाचित्रांच्या प्रती चिकटवलेल्या असत. पुढे जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले, 1863 आणि 1866 मध्ये. त्यांतली युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. माणसांना छायाचित्रगृहात उभे करून टिपायचे, त्यांची आकृती वेगळी करायची आणि मुंबईतल्या कुठल्यातरी देवळाच्या किंवा रस्त्याच्या चित्रावर बसवायची. खाली जातीचे, धंद्याचे किंवा समाजाचे नाव. त्या माणसाचे स्वतःचे नाव सहसा नाही. आज ती चित्रे अमूल्य दस्तऐवज आहेत. तरी ती पाहताना मला नेहमी वाटते की, येथे विषय आधी आला आणि माणूस त्याचे उदाहरण म्हणून मागाहून आणला गेला. आमच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांमध्येही हाच धोका होता, फक्त लहान प्रमाणावर. तो पूर्णपणे समोर आला तो सावलीच्या आठवड्यात.

आश्विनात ‘सावली’ ही चिठ्ठी निघाली आणि सर्वांनी माझ्याकडे पाहिले. कारण मी पिंगुळीची. कुडाळपासून अगदी जवळ, सावंतवाडीच्या वाटेवरचे हे गाव. येथल्या ठाकर समाजातील घराण्यांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. गुढीपूर वाडीतील परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर या कलांच्या संग्रहालयात केले आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हापासून कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. मी त्या कलावंत समाजातली नाही. पण माझ्या लहानपणी देवळात रात्री पांढरा पडदा ताणला गेला की कोणत्या कोपऱ्यात बसायचे हे आम्हा मुलांना पक्के ठाऊक असे.

येथे शब्दाकडे थोडे वळू. ‘फोटोग्राफी’ म्हणजे प्रकाशाने केलेले लेखन. 1839 मध्ये जॉन हर्शेल यांनी हा शब्द प्रचारात आणला. आपण मात्र त्याचे ‘छायाचित्र’ केले. काही मराठी लेखकांनी ‘प्रकाशचित्र’ हा शब्दही वापरला, तो अर्थाने मूळाच्या जवळचा; तरी लोकांनी उचलला तो ‘छाया’ असलेला. त्याच 1839 साली इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॉलबट यांनी आपल्या शोधाचा जो निबंध सादर केला, त्यातील एका भागाचे शीर्षक सावली स्थिर करण्याच्या कलेविषयीचे होते. म्हणजे आपला शब्द अगदीच वाट चुकलेला नाही. संस्कृतात ‘छाया’ म्हणजे सावली, तसेच प्रतिबिंब आणि कांतीही. आणि तुम्ही संस्कृत नाटक छापील पुस्तकात पाहिले असेल तर आणखी एक अर्थ तुम्हाला भेटला असेल: स्त्रिया आणि इतर पात्रे प्राकृतात बोलतात, त्या प्राकृताचे संस्कृत रूपांतर खाली देतात, त्यालाही ‘छाया’च म्हणतात. मूळ वाणी वर, तिची सावली खाली. कोणी कोणाची सावली, असा प्रश्न तेथे मला नेहमी पडतो. कारण रंगमंचावर ऐकू येते ते प्राकृत; आणि वाचक मात्र वाचतो ती छाया.

तर त्या आठवड्यात मी छायाबाहुल्यांच्या एका खेळाला कॅमेरा घेऊन गेले. पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे कातड्याची बाहुली, आणि पडद्यावर तिची रंगीत सावली. कातडे कमावून इतके पातळ केलेले असते की प्रकाश त्यातून पार होतो, आणि कोरलेल्या छिद्रांतून दागिने व वस्त्रांच्या कडा उजळतात. रामायणातला प्रसंग चालू होता. छायाचित्रकाराची अडचण अशी की, अंधार पुरेसा दाट, बाहुली सतत हलती आणि दिव्याचा प्रकाश बेताचा. शटर जास्त वेळ उघडे ठेवले तर हनुमान धुरासारखा पसरतो. कमी वेळ ठेवले तर पडदा काळा येतो. अशा वेळी हात आपोआप फ्लॅशच्या कळीकडे जातो. शेजारच्या एका पाहुण्याने ती दाबलीच. त्या क्षणी पडद्यावर काहीच उरले नाही. पुढून पडलेल्या झोताने सावली पुसून टाकली आणि दिसले ते फक्त एक चुरगळलेले पांढरे कापड. सावलीला प्रकाश लागतो, पण तो मागून. पाहुण्याच्या पडद्यावर त्या कापडाचे अगदी स्वच्छ, काटेकोर चित्र आले असणार.

मी पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले. पुढून कथा दिसते, मागून कष्ट दिसतात: एकाच्या दोन हातांत दोन बाहुल्या, तोंडात गाणे, कपाळावर दिव्याची धग. छायाचित्रकार मंडळींना मागची बाजू फार आवडते, कारण तेथे ‘आतले’ काही मिळाल्याचे समाधान असते. मला मात्र वाटते की, खेळ करणारा सर्व रात्र जे दिसू नये म्हणून झटतो, तेच तेवढे टिपून नेणे हे काही पाहणे नव्हे. हा माझा कल. तुमचा वेगळा असू शकेल.

दुसऱ्या दिवशी मी एका चित्रकथी घरी गेले. चित्रकथीचा धागा फार जुना आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख सापडतो. पिंगुळीची पोथी म्हणजे एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा संच. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे एक पान उलटले की दुसरा प्रसंग. सांगणारा एक चित्र फळीला टेकवून उभे करतो, गातो, बोलतो, पात्रांचे संवाद करतो, आणि मग पुढचे चित्र लावतो. कथा चित्रात नसते, सांगणाऱ्याच्या तोंडात असते. आणि बरीचशी दोन चित्रांच्या मधल्या त्या क्षणभराच्या रिकाम्या फळीवर घडते. एका शब्दाला एक चित्र आणि एका चित्राला एक वाक्य, हा आमचा नियम त्या घरात बसल्यावर मला फारच काटकसरी वाटू लागला.

घरातले वयस्क आजोबा फळीला एक चित्र टेकवून बसले होते. मी परवानगी मागितली. त्यांनी हो किंवा नाही म्हटले नाही, विचारले, “बाईनू, ह्यो फोटो खय जातलो?” कशासाठी काढता, असे नाही. कोणाला दाखवणार, असेही नाही. फोटो कुठे जाणार? जणू तो सासरी जाणारी मुलगी होता.

मी खरे ते सांगितले. आधी आम्हा सहा जणांत. आणि कदाचित फेब्रुवारीत एका जागतिक स्पर्धेत. विकिमीडियाच्या मुक्त संग्रहात दरवर्षी ‘विकी लव्ह्ज फोकलोर’ नावाची लोकसंस्कृतीवरील छायाचित्रस्पर्धा होते; वारसास्थळांसाठीची तिच्यासारखीच, पण जुनी स्पर्धा 2010 मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि 2012 मध्ये भारतही त्यात सहभागी झाला. ज्ञान सर्वांना विनामूल्य मिळावे हा त्यांमागचा हेतू मला मनापासून मान्य आहे. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तिकेत तरी तो अमान्य कसा असेल? पण मुक्त परवान्याचा अर्थ मला आजोबांना मालवणीत समजावायचा होता, आणि समजावताना तो मलाच नव्याने कळत गेला. तुमचे चित्र त्या संग्रहात गेले की कोणीही ते छापू शकतो, पिशवीवर, कपावर, विकण्यासाठीसुद्धा. फक्त नाव द्यावे लागते. कोणाचे नाव? छायाचित्र काढणाऱ्याचे. म्हणजे माझे.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पोथीतली चित्रां कोणी काडली ता आमका म्हायत नाय. ह्या चित्र माझ्या नातीन काडलेला आसा. तिकाच इचारा.”

कायद्यानेही त्यांचे म्हणणे बरोबर होते. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. जुन्या पोथीतले अनामिक चित्र सर्वांचे. नातीने गेल्या वर्षी रंगवलेले तिचे. त्या स्पर्धेच्या संग्रहातही जिवंत चित्रकाराच्या चित्राचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून चालत नाही. पण आपल्या मनात ‘लोककला’ हा शब्द काय करतो ते पाहा. ‘लोक’ हे पूर्वपद लागले की कर्ता नाहीसा होतो. लोकगीत म्हणजे कोणीच न रचलेले, लोककथा म्हणजे कोणीच न रचलेली, लोकचित्र म्हणजे कोणीच न काढलेले. समासाच्या पोटात एक माणूस गडप होतो आणि वैयाकरण त्याची नोंद घेत नाही. जॉन्सनच्या खंडांत चित्राखाली लिहिलेले समाजाचे नाव आणि आपल्या तोंडातला हा प्रत्ययासारखा ‘लोक’, दोघांचे काम एकच.

नात संध्याकाळी कामावरून आली. तिने शांतपणे ऐकून घेतले. चित्राचा फोटो तुमच्या सहा जणांत दाखवायला तिची हरकत नव्हती. स्पर्धेला नको, असे तिने सांगितले. ते चित्र तिला विकायचे होते, आणि कपावर आधीच फुकट छापलेले चित्र कोण विकत घेईल, हा तिचा हिशेब सरळ होता. मात्र तिने एक पर्याय सुचवला. मी रंग भरताना माझ्या हाताच्या सावलीचा फोटो घ्या, म्हणाली. आणि खाली माझे नाव लिहा. संध्याकाळचे तिरके ऊन ओसरीवर आले होते. कागदावर एक अर्धवट रंगवलेला घोडा आणि त्यावर बोटांची व कुंचल्याची लांब सावली. मी एकच छायाचित्र काढले. त्याखालच्या एका वाक्यात तिचे संपूर्ण नाव, चित्राचा प्रसंग आणि तारीख आली. तिचे नाव मी येथे देत नाही, कारण तिने ते त्या चित्राखाली मागितले होते, या पुस्तिकेत नव्हे.

रविवारी आमच्या बैठकीत त्यावर बराच वाद झाला. टपाल खात्यातले गृहस्थ म्हणाले की, चित्र चांगले आहे पण विषय ‘सावली’ होता, ‘नाव’ नव्हे. परिचारिकेने रुग्णालयातल्या पडद्यामागच्या माणसाची सावली टिपली होती, तीत ना चेहरा ना नाव. आणि तेथे नाव नसणे हेच योग्य होते, हे तिने सर्वांना पटवले. नियम करून हा प्रश्न सुटत नाही. रुग्णाचे नाव लपवणे हा मान, चित्रकर्तीचे नाव लिहिणे हा मान; कोणत्या सावलीला नाव द्यायचे आणि कोणत्या नाही, हे प्रत्येक वेळी समोरच्या माणसाला विचारून ठरवावे लागते. फेब्रुवारीत मी स्पर्धेला फक्त ताणलेल्या रिकाम्या पडद्याचे छायाचित्र पाठवले, खेळ सुरू होण्यापूर्वीचे. ते कोणाच्या नजरेत भरले नाही.

सहापैकी चौघांनी बावन्न आठवडे पूर्ण केले. तुम्हाला हा प्रयोग करून पाहायचा असेल तर वर्षाचा संकल्प सोडू नका. अभ्यासकेंद्रावरच्या दोन संपर्क सत्रांमधला काळ पुरे. चार मित्र, एक डबा, घरात रोज बोलले जाणारे दहा-बारा शब्द. नामे थोडी घाला, क्रियापदे जास्त. आणि ‘वरचेवर’, ‘उगाच’, ‘पलीकडे’ यांसारखी एक-दोन अव्यये जरूर असू द्या, त्यांनी आम्हाला सर्वांत जास्त छळले. ‘उगाच’चे चित्र आमच्यापैकी एकालाच साधले: बंद पडलेल्या पंख्याखाली वर्तमानपत्राने वारा घेणारे तिचे वडील. त्यांचे नाव तिने खाली लिहिले आहे, त्यांना विचारून.